मुकुंदाने पाडलेलं विमान

मंडळी,

बोलायला उभा राहिलोय खरा, पण आधी एका अन्यायाची नोंद व्हायला हवी. या हॉलचा एसी. त्याचा रिमोट एका लाकडी पेटीत आहे, पेटीला कुलूप आहे, आणि कुलपाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो गृहस्थ रजेवर केरळला गेला आहे. बाहेर मस्कत भाजून निघतंय आणि आत आपण फ्रीझरमधल्या मटारासारखे एकमेकांना चिकटून बसलोय. समोरच्या दोन वहिनींनी डोक्यावरून पदर घेतलेत, ते शोकाने घेतलेत असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाका. अशा थंडीत माणसाने गहिवरायचं कसं?

आज मुकुंद खरे इथे असता तर त्याने कुलूप तोडू दिलं नसतं. आधी एसीचं मॅन्युअल मागवलं असतं. मग ते वाचून काढलं असतं. तोवर आपण सगळे गारठून गेलो असतो, आणि तो म्हणाला असता, “पण पद्धतशीर गारठलो.”

तर आपला मुकुंदा गेला. पुण्यात, स्वतःच्या घरी, झोपेत. सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज स्थिर होता. म्हणाल्या, “भावजी, शेवटी त्रास झाला नाही हो.” तुम्ही सगळे इतक्या लांबून आलात, सहमहून आलात, इब्र्याहून आलात, त्याबद्दल त्यांच्या वतीने तुमचे आभार. मला बोलायला सांगितलंय, आणि मला ते जड जातंय. तुम्ही मला ओळखता. आपल्या मंडळाच्या अंकात मी दरवर्षी कोणाची ना कोणाची खोड काढतो. पण गेलेल्या माणसाची खोड काढण्यात मजा नाही. तो उलटून बोलत नाही. मुकुंदा तर उलटून बोलल्याशिवाय राहायचाच नाही.

म्हणून मी सरळच सांगतो. दुःख आहे. पण दुःखापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मी सुटलोय. गेली काही वर्षं मला एकच धास्ती होती. मुकुंदा आणि कासमभाई एकमेकांशी न बोलताच एक जण जाईल, ही. तसं झालं नाही. ते का झालं नाही, आणि मुळात ते का बोलत नव्हते, हे आज मी सांगणार आहे. कारण त्याबद्दल तुम्ही सगळ्यांनी जे जे ऐकलंय, ते सगळं खोटं आहे.

कासमभाई मुकादम इथे पहिल्या रांगेत बसलेत. रत्नागिरीचे. इथल्या गाला औद्योगिक वसाहतीत त्यांचं रेडिएटरचं गॅरेज आहे, आणि तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या गाड्या त्यांच्यामुळे उन्हाळ्यात चालतात. मुकुंदा एका ट्रेडिंग कंपनीत परचेस मॅनेजर. या दोघांना जोडणारी गोष्ट कोणती? लढाऊ विमान. म्हणजे कॉम्प्युटरवरचं.

आता तुम्ही म्हणाल, व्हिडिओ गेम. हा शब्द मुकुंदासमोर उच्चारायची सोय नव्हती. गेममध्ये बटण दाबलं की विमान उडतं. मुकुंदाच्या सिम्युलेटरमध्ये बटण दाबलं की फक्त बॅटरी चालू व्हायची. मग इंधनाचा पंप, मग एक इंजिन, ते तापेपर्यंत वाट बघायची, मग दुसरं इंजिन. माझा चहा पिऊन व्हायचा, कप धुऊन व्हायचे, आणि हे महाशय अजून धावपट्टीच्या तोंडाशी. “अरे, हे सगळं आपोआप करायचं एक बटण आहे ना?” मी विचारायचो. “आहे,” तो म्हणायचा. “ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी.”

आणि रडार! रडारबद्दल तो असं बोलायचा जसं काही लोक गुरूबद्दल बोलतात. तो म्हणायचा, बापू, लोकांना वाटतं रडार म्हणजे सगळं दाखवणारा टीव्ही. छे. रडार म्हणजे काळोखात टॉर्च. जिथे रोखशील तेवढंच दिसणार. वर रोखलीस तर खालचा निसटला. आणि टॉर्च लावलीस की तूही समोरच्याला दिसलास. शिवाय जे दिसतं तो नुसता ठिपका. ठिपक्यावर नाव लिहिलेलं नसतं.

ठिपक्यावर नाव नसतं. एवढं फक्त लक्षात ठेवा.

तेव्हा आपली सुट्टी गुरुवार-शुक्रवार. गुरुवारी दुपारी गॅरेजचं शटर अर्धं खाली आलं की आत रेडिएटरच्या ढिगामागे दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, मध्ये एक केबल. पाठीला पाठ लावून हे दोघे बसायचे आणि एकाच आकाशात उडायचे. मी चहा करायचो. एकदा कासमभाईंचे अर्बाब, म्हणजे त्यांचे ओमानी मालक, आत आले. बराच वेळ बघत उभे राहिले. मग मला हळूच विचारलं, “हे कोणाशी लढतायत?” मी म्हटलं, अजून इंजिन गरम होतंय. त्यांनी मान हलवली, “इन्शाल्ला” म्हणाले आणि निघून गेले.

मुकुंदाचा नियम असा होता की एकमेकांशी थेट बोलायचं नाही. खरे वैमानिक काय खिडकीतून हाका मारतात? तर मारत नाहीत. म्हणून एकाच खोलीत, हात मागे केला तर पाठीला लागेल इतक्या अंतरावर बसून, हे दोघे एकमेकांना नावं घेऊन हाक मारायचे. ठरवून घेतलेली नावं, त्यांच्या भाषेत कॉलसाइन. मुकुंदाला काहीतरी संस्कृत हवं होतं. कासमभाई म्हणाले, “मी रत्नागिरीचा हाय. हापूस.” म्हणून मुकुंदा हापूस एक, आणि कासमभाई हापूस दोन.

तो गुरुवार मला नीट आठवतो. दोघे शत्रूच्या हद्दीत गेले होते. तिकडे जाताना विमानातलं एक यंत्र बंद करायचं असतं. ‘मी तुमच्यातलाच आहे’ असं आपल्या लोकांना सांगत राहणारं यंत्र. परत येताना ते चालू करायचं. मुकुंदाने केलं. कासमभाईंनी करायला हात पुढे केला आणि फोन वाजला. गिऱ्हाईक. लँडक्रूझर रस्त्यात तापली होती. फोन एका हाताने कानाशी धरून कासमभाई त्याला सांगतायत, “पाणी नको ओतू, आधी थंड होऊ दे,” आणि दुसऱ्या हाताने डोंगराच्या आडोशाने खालून येतायत.

मुकुंदाच्या रडारवर ठिपका आला. खालून येणारा, उत्तर न देणारा.

त्याने क्षेपणास्त्र सोडलं.

कासमभाईंच्या मशीनवर धोक्याची घंटा वाजायला लागली. फोन खाली पडला. त्यांनी मागे वळून बघितलं आणि ओरडले, “अरे मी हाय! मी!”

मुकुंदाने मान वळवली नाही. पडद्याकडे बघत म्हणाला, “मी कोण? कॉलसाइन सांगा.”

“अरे मेल्या, तुज्या जवल बसलोय! डोले फुटले काय?”

“कॉलसाइन.”

हापूस. एक साधा शब्द. रत्नागिरीच्या माणसाला त्या घडीला तो आठवेना! विमान फुटलं. पडद्यावर आग, धूर, आणि मग काळं. कासमभाई उठले, केबल उपटली. म्हणाले, “मना पाडलास? मना?” आणि आमचा मुकुंदा, पद्धतीचा पुतळा, काय म्हणाला? म्हणाला, “निदान वेळेवर पॅराशूट तरी उघडायचंस.”

तिथे संपलं सगळं. मुकुंदाने आपला मॉनिटर उचलला. तेव्हाचे मॉनिटर म्हणजे तान्ह्या रेडकाएवढे. तो पोटाशी धरून शटरखालून वाकून बाहेर पडला.

त्यानंतर मंडळी, तुम्ही काय काय बोललात! कोणी म्हणालं, रत्नागिरीत जमीन घेतली होती दोघांनी, त्यावरून बिनसलं. कोणी म्हणालं, भागीदारी फुटली. कोणी आवाज खाली करून म्हणालं, शेवटी ‘त्यांचं आणि आपलं’ जमत नाही हो. हे मला दोन्हीकडून ऐकायला मिळालं, दोन्हीकडच्या शहाण्यांकडून, तेच वाक्य. मी खरं सांगत होतो. कोणी विश्वास ठेवला? पिकल्या केसांची दोन माणसं कॉम्प्युटरवर विमान पाडल्यावरून बोलत नाहीत, हे तुम्हाला पटलं नाही. धर्मावरून बोलत नाहीत हे लगेच पटलं. जरा विचार करा, दोन्हींत वेडेपणा कुठला?

मुकुंदा मग एकटाच उडायचा. सोबतीला कॉम्प्युटरचा साथीदार. मी विचारलं, कसा आहे? म्हणाला, “आज्ञाधारक आहे.” मग म्हणाला, “कंटाळा येतो रे.”

आणि मग आजार. डॉक्टरांनी सांगितलं, पुण्याला न्या. तिकिटं निघाली. मधे एकच शुक्रवार होता. वहिनी मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, “भावजी, कासमभाईंना आणा. हे बोलावणार नाहीत. ते येणार नाहीत. तुम्ही आणा.”

मी गालाला गेलो. कासमभाई बॉनेटखाली.

“कसा हाय तो?”

“बरा नाही. पुण्याला नेतायत.”

“त्याने बोलावलान?”

“नाही.”

“मग मी कशाला येव?”

“वहिनींनी बोलावलंय.”

कासमभाई हात पुसत राहिले. पुसून झालेले हात पुन्हा पुसत राहिले. मग म्हणाले, “नमाज झाला की येतो. बघू.”

त्या ‘बघू’वर मी झोपलो नाही, मंडळी.

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. मुकुंदा आतल्या खोलीत उशांना टेकून. आतूनच खेकसला, “कोण आहे?”

दाराबाहेरून आवाज आला, “हापूस दोन.”

वहिनींच्या हातात पातेलं, ते तसंच हातात. मग आतून मुकुंदा म्हणाला, “उशीर झाला.”

“इंजिन तापायला वेल लागतो. तूच सांगतोस ना?”

कासमभाईंच्या पिकअपमधून त्यांचा कॉम्प्युटर आला. पण मुकुंदाचे हात थरथरत होते, त्याला विमान चालवायची काठी, जॉयस्टिक, धरवेना. म्हणून दोघे एकाच विमानात बसले. कासमभाई चालवणार, मुकुंदा उशीवरून रडार सांगणार. “वर बघ. आता खाली. टॉर्च खाली घे. अजून.” संध्याकाळपर्यंत फिरले. वहिनींनी दारातून मला विचारलं, “हे नुसतेच फिरतायत?” मी म्हटलं, हो. “भांडत नाहीयेत?” म्हटलं, अजून तरी नाही. “मग पोहे टाकते,” म्हणाल्या, आणि आत जाऊन थोडं रडल्या असाव्यात, कारण पोह्यांत मीठ दोनदा पडलं होतं.

शत्रू आलाच नाही. एकही ठिपका नाही. कासमभाईंनी विमान उतरवलं तेव्हा मुकुंदा इतका खूश होता! म्हणाला, “हेच खरं. खऱ्या गस्तीवर बहुतेक वेळा काहीच होत नाही.” कासमभाई म्हणाले, “मग आधी सांगायचास, रोज आलो असतो.”

आता शेवटचं.

सीब विमानतळावर मुकुंदाला व्हीलचेअरवर बसवलं होतं. वहिनी सामानाच्या रांगेत. त्याने मला खाली वाकायला सांगितलं. म्हणाला, “बापू, आमचं ते क्षेपणास्त्र सोडून देऊन भागत नाही. शेवटपर्यंत रडार त्या ठिपक्यावर धरून ठेवावं लागतं. रडार काढलं की ते भरकटतं, रिकामं जातं.”

मी म्हटलं, बरं.

म्हणाला, “तो ओरडला तेव्हा मी त्याचा आवाज ओळखला होता. ठिपका सोडायला वेळ होता. मी नाही सोडला. नियम म्हणून धरून बसलो.” मग म्हणाला, “त्याला सांग. मी गेल्यावर सांग. समोर सांगितलं तर परत बोलायचा बंद होईल, आणि आता तेवढा वेळ नाही. आणि सगळ्यांसमोर सांग. सगळ्यांनी नाही नाही ते ऐकलंय, आता हेही ऐकू देत. चूक माझी होती.”

कासमभाई, त्याचा हा निरोप. यात माझ्या पदरचं काही नाही. तुम्हाला माझी सवय माहीत आहे म्हणून मुद्दाम सांगतो. त्याचं माझ्याकडे एवढंच राहिलं होतं. ते आता तुमच्याकडे पोचलं.

मंडळी, आपण दोन मिनिटं शांत उभे राहू या. कासमभाईंना उठायची घाई करू नका, त्यांना थोडं बसू द्या.

मुकुंदा, नमस्कार.