कुडूच्या कातड्याचं रफू

मी मूळची वर्ध्याची. आमची आई फॉल-पिको करायची आणि रफूही करायची. लग्नाच्या शालूला उदबत्तीनं भोक पडलं, कोटाला कसर लागली, की लोक आमच्याकडे यायचे. आई मला बाजूला बसवून म्हणायची, पोरी, भोक काय कोणीही बुजवतं, पण बुजवलेलं दिसता कामा नये, दिसलं तं ते रफू नाही, ठिगळ झालं. धागा ती त्याच कापडाच्या आतल्या कडेतून ओढून काढायची. आणि वडील, काय सांगू तुम्हाला, शाळेत शिपाई होते पण शिस्त हेडमास्तरची. ताटात काही टाकलेलं चालायचं नाही. घेतलं ते संपवायचं, धरलं ते पुरं करायचं, अर्ध्यावरून उठायचं नाही. अर्धी पोळी राहिली तरी ताट उचलू द्यायचे नाहीत, रडत रडत खायचो आम्ही. हे मी तुम्हाला उगाच सांगून नाही राहिले. घ्या, भाजी घ्या अजून, थंड होते.

तं लग्न झालं आणि ह्यांच्यामागे इकडे परदेशात आली. हे नागपूरचे, सॉफ्टवेअरवाले, शॉमबर्गला कंपनी. मला पहिली काही वर्षं काम करायची परवानगीच नव्हती, निखिल झाला तोवर मी घरातच. मग कागद आले आणि इथल्या एका साडीच्या दुकानात मी फॉल लावायला बसली. तिथे एक दिवस एक गोरा म्हातारा आला, हँक नाव त्याचं, मुलीचा ड्रेस दुरुस्तीला टाकला होता. त्यानं तो उलटा केला, सुलटा केला, खिडकीशी नेला, आणि मला म्हणाला, शिवलंय कुठे? मी दाखवलं. तो म्हणाला, माझ्याकडे काम करशील का, पण माझी गिऱ्हाइकं बोलत नाहीत.

मला वाटलं बाहुल्या वगैरे असतील. गेली तं काय, भिंतीभर हरणांची मुंडकी! गावाबाहेर मक्याची शेतं लागतात तिथे त्याचा वर्कशॉप आहे, टॅक्सिडर्मी म्हणतात त्याला. शिकारी लोक जनावर मारतात, कातडं आणि शिंगं आणून देतात, मग ते कातडं कमावून, फोमच्या साच्यावर चढवून, काचेचे डोळे बसवून भिंतीवर टांगायचं. पहिल्या दिवशी मी बाहेर जाऊन उलटी केली. दुसऱ्या दिवशी परत गेली. कारण त्या कातड्यालाही भोक होतं, गोळीचं, आणि ते हँकनं इतकं वाईट शिवलं होतं की माझ्यानं बघवेना.

ह्यांना ते कधीच पटलं नाही. हे पक्के शाकाहारी, केकमध्येही अंडं आहे का विचारणारे. म्हणाले, कर तुला करायचं ते, पण पुढच्या दारातून यायचं नाही. मग मी गॅरेजमधून यायची, कपडे वेगळे टाकायची, आंघोळ करायची आणि मगच स्वयंपाकघरात पाय. वीस वर्षं हाच नेम. मला न्यायला आले तरी गाडीत इंजिन चालू ठेवून बसायचे, वर्कशॉपची पायरी चढले नाहीत कधी. मी चिडवायची, अहो, आत या की, तुमच्यासारखाच एक रेडा आहे, तोही काही बोलत नाही. हसायचे, पण यायचे नाहीत.

निखिल मात्र तिथेच वाढला म्हणा ना. शाळा सुटली की बस त्याला हँककडे सोडायची. मी शिवत बसायची आणि तो त्या मुंडक्यांखाली होमवर्क करायचा, एकेकाला नाव द्यायचा. त्यात आफ्रिकेतून आलेला एक कुडू होता. कुडू म्हणजे हरणाच्याच जातीतला, पण घोड्याएवढा, शिंगं अशी पीळ घालून वर गेलेली, अंगावर पांढऱ्या रेघा. निखिल मला विचारायचा, आई, वेअर डिड ही लिव्ह? मी मराठीत सांगायची, तो इंग्लिशमध्ये ऐकायचा, असं आमचं चालायचं. ताटात टाकायचं नाही हे मात्र त्याला मराठीतच पाठ होतं. नाश्त्याच्या सीरियलचा बाऊल असो की कराटेचा क्लास, अर्ध्यावर सोडून उठायचं नाही. वडिलांचीच शिस्त मी त्याला लावली, आणि मला त्याचा मोठा अभिमान होता हो.

पुढे रेडमंडला नोकरी लागली त्याला, तिकडच्या मित्रांबरोबर डोंगर चढायला लागला, मग बंदूक शिकला. आम्हाला सांगितलं तेव्हा ह्यांनी आठ दिवस बोलणं टाकलं. आणि एक दिवस म्हणाला, मी आफ्रिकेत जातो, नामिबियाला, कुडूसाठी. मी म्हटलं, अरे, टेक्सासला मिळतो ना तो, कुंपणातला, हँकची गिऱ्हाइकं तिथेच जातात. तर म्हणाला, नाही आई, कुंपणातला नाही, कुंपणातला मारला तर ते चीटिंग आहे, तिथे तो मोकळा असतो, पायी जायचं, काट्यातून, दगडातून, दिसला तर दिसला नाही तर रिकामं परत यायचं. मी म्हणाली, तू खाटीक झालास. असं म्हणाली मी, माझ्या तोंडानं. आणि मी कुठे बसली होती हे म्हणताना? मांडीवर हरणाचं कातडं घेऊन, सुई हातात. तो हसला. म्हणाला, आई, लुक हू इज टॉकिंग.

तर तो गेला. जुलै होता, तिकडे तेव्हा हिवाळा असतो. रविवारी दुपारी त्याचा फोन आला, तिकडे संध्याकाळ झाली होती. मी कणीक मळून राहिली होती म्हणून फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. हे मागे लॉन कापत होते, मशीनचा आवाज येत होता. निखिलचा आवाज मला लगेच वेगळा वाटला. म्हणाला, आई, आय मेस्ड अप. कुडू दिसला, मोठा, मी गोळी मारली, पण नीट नाही लागली, खाली लागली आणि तो पळाला. रक्त दिसतंय, पण पुढे टेकडी आहे, कडे आहेत, अंधार पडला. गाईड म्हणतो आपण उद्या दुपारपर्यंत टेकडीच्या खालून खालून बघू, नाही सापडला तर सोडून देऊ, वर चढणं बरं नाही, दगड ढिले आहेत. आई, व्हॉट शुड आय डू?

मला विचारलं हो त्यानं. सत्तावीस वर्षांचा मुलगा, इतक्या दुरून, ह्यांना नाही, मित्राला नाही, मला. आणि मी काय म्हणाली? माझ्या डोक्यात राग होता, आणि त्या मुक्या जिवाची कीव होती. मी म्हणाली, आता मारलीस ना गोळी, मग सोडून यायचं नाही. ते तिथे रात्रभर तडफडत असेल, पाप लागतं, अर्धवट मारून जिवाला असं टाकायचं नाही, निखिल. शोध त्याला. वर असेल तर वर जा. तो म्हणाला, ओके आई. वी विल फाइंड हिम. मी म्हटलं, चल, माझ्या पोळ्या राहिल्यात. आणि मी कणकेच्या बोटानं फोन बंद केला. बस. तेवढंच.

सोमवारी सकाळी हे दाढी करून राहिले होते, तेव्हा गाईडचा फोन आला. पायाखालचा दगडच सुटला, म्हणाला. वर जाऊ नको असं आम्ही दोनदा सांगितलं, पण तो म्हणाला आय प्रॉमिस्ड. कोणाला ते त्यानं सांगितलं नाही, असं गाईड म्हणाला.

मग त्याला आणायला हे गेले. परत आले ते म्हातारे होऊनच आले. आणि गाईडनं ह्यांना जे सांगितलं ते ह्यांनी मला सांगितलं. निखिल पडला तिथून चाळीस पावलांवर, एका झुडपाच्या मागे, कुडू मरून पडलेला होता, ताठ झालेला. आदल्या संध्याकाळीच मेला असणार. म्हणजे मी इकडे तडफडत असेल, तडफडत असेल म्हणत होती, तेव्हा तो शांत झालेला होता बहुतेक. कोणाची सुटका करायची राहिलीच नव्हती. बाप्पा, ही चाळीस पावलं मी रोज चालते. इथून त्या मेलबॉक्सपर्यंत चाळीस होतात, मोजून बघितली आहेत.

त्यानंतर घरात एकच वाक्य होतं. हे म्हणाले, तूच त्याला त्या मढ्यांमध्ये बसवलंस. एकदाच म्हणाले, पण म्हणाले. मी मान खाली घातली. मनात म्हटलं, ह्यांना एवढंच माहीत आहे, खरं कळलं तर हे माझं तोंड बघणार नाहीत. फोनचं मी सांगितलं नाही. एका टेबलावर जेवायचो, एका गाडीत बसायचो.

आता आफ्रिकेतून जनावर यायला वर्ष वर्ष लागतं हे मला का माहीत नाही? शेकडो आलेत माझ्या हाताखालून. मीठ लावून वाळवायचं, कागद करायचे, तपासण्या, मग पेटी बोटीत चढते. पण हा विचार माझ्या मनाला शिवलाच नाही, की निखिलचीही पेटी येईल. त्यानं जायच्या आधीच हँककडे फॉर्म भरून ठेवला होता, आणि तिकडच्या लोकांनी रीतीप्रमाणे कातडं काढून पाठवलं. थंडी होती म्हणून रात्रभर पडूनही खराब झालं नव्हतं. हँकनं माझ्यापासून लपवून गुपचूप कमवायला दिलं, परत आलं ते मागच्या खोलीत ठेवलं. मला टॅग सापडला, झाडू मारताना. त्यावर निखिलचं नाव.

हँक रडला. म्हणाला, सुनंदा, मी दुसऱ्या कोणाला देतो शिवायला, नाही तर जाळून टाकतो, तू म्हणशील ते. मी म्हटलं, फॉर्म दाखव. फॉर्मवर सगळं लिहिलेलं, मान कुठे वळवायची, डोळे कसे, आणि खाली सूचना असतील तर लिहा म्हणून जागा असते, तिथे त्याचं ते वाकडंतिकडं अक्षर. माय मॉम डज द सोइंग. नोबडी एल्स. खाटीक म्हणाली होती मी त्याला, आणि त्यानं हे लिहून ठेवलं होतं.

मग शिवायला घेतलं. मानेची मागची शिवण झाली, शिंगांमधली झाली, आणि खांद्याखाली आली तिथे ते भोक. माझ्या अंगठ्याएवढं. तिथे माझा हात थांबला तो चार दिवस थांबला. रोज जायची, मांडीवर घ्यायची, तसंच ठेवून यायची.

चौथ्या दिवशी हे न्यायला आले. बर्फ पडत होता. मी खिडकीतून गाडी बघितली, आणि इंजिन बंद झालं. दार वाजलं आणि हे आत आले. वीस वर्षांत पहिल्यांदा. बूटही पुसले नाहीत. सगळ्या मुंडक्यांकडे एकदा बघितलं, मग माझ्या मांडीकडे. म्हणाले, हाच का? मी म्हटलं, हो. कुठे लागली? मी भोक दाखवलं. आणि मग माझ्यानं राहवलं नाही, मी म्हटलं, अहो, त्यानं मला फोन केला होता. मला विचारलं होतं त्यानं. मीच म्हणाली वर जा. मी पाठवलं त्याला, गाईड नाही म्हणत होता, मी पाठवलं.

हे म्हणाले, मला माहीत आहे.

म्हणाले, लॉन झालं होतं, मी पाणी प्यायला आत आलो होतो. दारात उभा होतो. सगळं ऐकलं.

काय सांगू तुम्हाला. दीड वर्ष! दीड वर्ष हा माणूस ते पोटात घेऊन माझ्यासमोर जेवत होता. भांडणात, रागात, कधीही माझ्या तोंडावर मारता आलं असतं, एकदा तरी. मढ्यांचं बोलले, ते सोपं होतं ते बोलले, पण हे बोलले नाहीत. मी म्हटलं, मग काहून नाही म्हटलं कधी? तर म्हणाले, काय म्हणू? मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. मी दारात होतो, सुनंदा, थांब म्हणू शकलो असतो. मला वाटलं, बरोबर बोलते आहे.

मी सुईत धागा ओवायला गेली, पण डोळ्यांना काही दिसेना. ह्यांनी माझ्या हातातून सुई घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि ओवून दिली. त्या कातड्याला हात लागला त्यांचा, काढला नाही. मग स्टूल ओढून बसले, मी ते भोक पुरं करेपर्यंत. आईनं शिकवलं तसं केलं मी, त्याच्याच कातड्याच्या झाकल्या जाणाऱ्या कडेचे केस घेऊन. आता हँकलाही सापडत नाही कुठे होतं ते. ह्यांना सापडतं. तो कुडू तिथे, हो, तुमच्या मागेच आहे भिंतीवर, हे रोज सकाळी चहाआधी तिथे बोट ठेवतात. मी बघितलं न बघितल्यासारखं करते. गॅरेजमधून यायचं मात्र बंद झालं, हेच म्हणाले, पुढच्या दारातून येत जा.

दुखणं जात नाही. जाणारही नाही, मी आता वाटही बघत नाही. तुमच्या घरी सगळे खुशाल असोत, तुमच्या लेकराबाळांना मोठं आयुष्य मिळो, एवढंच म्हणते. अरे, तुम्ही संकोचून जेवून राहिले की काय? ती अर्धी पोळी नाही जात ना? राहू द्या. मी आता कोणाला संपव म्हणत नाही. राहिली तर राहू द्या, बाप्पा. द्या ते ताट इकडे.