गल्ली रडली तो दिवस

थोरली: नाही म्हणजे नाही! उद्या रेडिओवर जाऊन तू तोंड उघडलंस, तर पुन्हा या घराची पायरी चढू नकोस.

धाकटा: अगं ताई, छोटासा कार्यक्रम आहे. साहेबांचा स्मृतिदिन. ते गेले तेव्हा तुम्ही कुठे होता, एवढंच विचारणार आहेत. मी इस्पितळाच्या फाटकाबाहेर होतो, अगदी पुढे. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. ते सांगितलं तर बिघडलं कुठे?

थोरली: साहेब म्हणे! त्या गाणाऱ्याने ओळखलं होतं का तुला कधी? त्याच्यासाठी फाटकाबाहेर जागरणं केलीस, आणि इथे त्याच सकाळी आपला बाप गेला. खांदा द्यायला खालचा प्लंबर बोलवावा लागला मला.

धाकटा: झालं सुरू! दर वर्षी तेच रडगाणं. मला काय स्वप्न पडलं होतं, बाबा त्याच दिवशी जातील म्हणून?

थोरली: निरोप धाडला होता मी. बाबांना जड आहे, ये म्हणून.

धाकटा: आणि आलो असतो तर तोंड तरी बघितलं असतं का त्यांनी माझं? साहेबांच्या कॅसेटच्या फिती ओढून काढल्या आणि खिडकीबाहेर लोंबवल्या होत्या त्यांनी. विसरलीस? अख्खी गल्ली हसत होती.

थोरली: बाबांचं सोड. मी आईचं बोलतेय.

धाकटा: आईला तर कोण आनंद झालाय! कसला कार्यक्रम ते विचारलंसुद्धा नाही, निघाली दारोदार सांगायला. बाबांच्या दिवशी ती घरात रेडिओ लावू देत नाही, पण उद्या लावणार आहे. माझ्यासाठी.

थोरली: म्हणूनच तर तळपायाची आग मस्तकात गेलीय माझ्या! अरे, तो रेडिओ बंद असायचा म्हणून इतकी वर्षं निभावलं. आईला माहीत नाहीये.

धाकटा: काय माहीत नाही?

थोरली: तुझा साहेब त्याच दिवशी गेला, हे.

धाकटा: काहीतरीच काय! साऱ्या जगाला माहीत आहे.

थोरली: जगाला असेल. तिने नंतर कधीतरी मला विचारलं, तो गाणारा गेला म्हणे, कधी गेला गं? मी म्हटलं, बाबांच्या नंतर पंधरा दिवसांनी. बोलून गेले ते गेले. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी सकाळी मी इथे हजर. पेपर तिच्या हाती लागू देत नाही.

धाकटा: पण खोटं बोलायचं कशाला?

थोरली: बाबा काय काम करायचे?

धाकटा: हे काय मधेच? वीज कंपनीत होते.

थोरली: वीज कंपनीत! असं सांगतोस जसे काही इंजिनियर होते. लाइन तोडायचे ते लोकांची. बिल थकलं की चढले खांबावर. शेजारी म्हणून कुणाला सोडलं नाही. समोरच्या शिंप्याच्या घरात तर ऐन त्याच्या मुलीच्या परीक्षेत अंधार केला. गल्लीतली एकही बाई आईशी बोलत नव्हती. ही नळावर गेली की बाकीच्या बादल्या उचलून चालत्या व्हायच्या.

धाकटा: मला काय सांगतेस? शाळेत 'कात्री' म्हणायचे मला. कात्रीचा पोरगा कात्री.

थोरली: बाबांनी डोळे मिटले तेव्हा आम्ही दोघीच होतो. कुणाला कळवलंही नव्हतं अजून. आई उशाशी बसून होती, दगडासारखी. डोळ्यांत टिपूस नाही. आणि शेजारून एकदम हंबरडा ऐकू आला. मग पलीकडून. खाली धडाधड शटर पडायला लागली. आईने खिडकी उघडली, तर शिंपी पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडतोय.

धाकटा: साहेबांची बातमी आली असणार.

थोरली: मला भिंतीतून रेडिओ ऐकू आला होता. तिचं लक्षच नव्हतं. माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "बघ गं, आपण सांगितलंही नाही, तरी कळलं सगळ्यांना." आणि मग रडली बाई. पोटभर रडली. आता सांग, काय करायला हवं होतं मी? म्हणू, आई, हे आपल्यासाठी नाहीये?

धाकटा: मग पुढे?

थोरली: बाबांना नेलं तेव्हा दारादारांत माणसं डोळे पुसत उभी. ही एकेकाला हात जोडत होती! त्या दिवसापासून मान वर करून चालायला लागली. शिंप्याची बायको अंथरुणाला खिळली, तर हिने तिचं सगळं केलं. का? तर तिचा नवरा आपल्या नवऱ्यासाठी रडला होता. आज गल्लीत हिला चार माणसं आहेत ती त्या रडण्याच्या जोरावर. आणि तू उद्या सगळ्यांसमोर सांगणार, आजच्याच दिवशी साहेब गेले आणि गावभर शटर पडली!

धाकटा: म्हणजे मी कुठे होतो ते सांगायचं की नाही, हेही तूच ठरवणार? त्या फाटकाबाहेरच्या गर्दीत मला कुणी कात्री म्हणालं नाही, ताई. अनोळखी माणसं गळ्यात पडून रडली माझ्या. सांगण्यासारखं तेवढं एकच आहे माझ्या आयुष्यात!

थोरली: आणि तिच्या?

धाकटा: डाफरू नकोस माझ्यावर! इतकी वर्षं एकटीने पोटात ठेवलंस. मला का नाही सांगितलंस?

थोरली: तू होतास कुठे सांगायला!

(दार ढकलून आई आत येते.)

आई: काय रे हे, जिन्यापर्यंत आवाज येतोय. भांडायला वेळ कसा मिळतो तुम्हाला? बरं, उद्या सगळ्या येणार आहेत हं आपल्याकडे ऐकायला. किती वाजता लावायचा रेडिओ?

धाकटा: आई... रद्द झालं ते. आत्ताच फोन आला होता.

आई: मेल्यांना आधी नाही सांगता येत? घर न् घर सांगून आले मी. विचारणार काय होते पण तुला?

धाकटा: असंच गं. एखादा मोठा माणूस गेला, तेव्हा तुम्ही कुठे होता.

आई: हात्तिच्या! मग बाबांचं सांगायचंस ना. अख्खी गल्ली बंद होती. भल्याभल्यांच्या नशिबी नसतं ते. पण काय रे, तू कुठे होतास तेव्हा? मी कधी विचारलंच नाही तुला. भीतीच वाटायची.

धाकटा: इथेच होतो, आई. गल्लीच्या तोंडाशी.

आई: अरे, मग वर का नाही आलास?

धाकटा: गर्दी होती ना. आत शिरायला जागाच नव्हती.

आई: होतीच रे. होतीच तेवढी. ऐकलंस का गं? इथेच होता तो. आणि तू आपली उगीच, इतकी वर्षं त्याच्या नावाने बोटं मोडतेस.

थोरली: ...

आई: आता का वाचा बसली? बोल की भावाशी नीट.

थोरली: चुकलं माझं, आई.