रंजीता मॅडमचा दुसरा निरोप

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या प्राचार्या ज्योत्स्नाताई, संस्थेचे सचिव आदरणीय उकंडरावभाऊ, रिसोड आणि इंझोरीच्या शाखांमधून आलेले सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि ज्यांच्यासाठी आपण पुन्हा एकदा जमलो आहोत त्या रंजीता मॅडम,

‘पुन्हा एकदा’ हे शब्द मी जपून वापरतो आहे. दिवाळीच्या आधी याच हॉलमध्ये, याच माइकवरून मी म्हणालो होतो, “उद्यापासून लॅब सुनी वाटेल.” दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम लॅबमध्ये हजर होत्या. त्यामुळे आज उद्याबद्दल काही बोलत नाही. मॅडमच्या खांद्यावरची शालही तीच आहे. सकाळी त्यांनी स्वतःच ऑफिसात आणून दिली आणि म्हणाल्या, “नवी कायले घेता सर, हेच पांघरवा.”

नव्याने रुजू झालेल्यांना हे कोडं वाटेल, म्हणून सांगतो. आपल्याकडचा रिवाज असा, की आधी शाल-श्रीफळ, मग चार्ज, आणि मग कार्यमुक्तीचा आदेश. चार्ज घेणाऱ्याची सही झाल्याशिवाय देणाऱ्याला हलता येत नाही. मॅडमकडे वाशीम, रिसोड, इंझोरी या तिन्ही गावच्या संगणक लॅबचा चार्ज. घेणारा मी. तिकडे नाशिकला मॅडमचे यजमान नवीनराव आणि लेक संस्कृती वाट पाहत होते. मॅडमनी खोली सोडली होती, सामान बांधलं होतं.

चार्जसाठी प्रत्येक संगणकाची माहिती लागते : प्रोसेसर कोणता, मेमरी किती, डिस्क केवढी, आत कोणती ऑपरेटिंग सिस्टिम. मॅडमनी त्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. पेनड्राइव्ह लावायचा, संगणक आपली ओळख आपणच सांगतो. ऐकायला किती सोपं! पण वाशीमला विंडोज, रिसोडला लिनक्स, इंझोरीला देणगीत आलेला एक मॅकसुद्धा. प्रश्न एकच, पण प्रत्येकाला त्याच्या रीतीने विचारावा लागतो. विंडोजला हुकूम दिला की ते घडाघडा बोलतं. लिनक्सच्या घरात शिरून त्याच्या फायली वाचाव्या लागतात. मॅक सांगतो, पण आपल्याच थाटात. मॅडमनी तिघांची उत्तरं एका साच्यात बसवली आणि अहवाल निघाला. त्यात लिहिलं होतं, रिसोड लॅब : संगणक एक.

भाऊ, तुमचं वाक्य मला अजून आठवतं. “काहो सर, रिसोडले एकच? बाकीचे का सोयाबीनसंगं मार्केटात गेले?” आम्ही सगळे हसलो. आदेश मात्र थांबला.

झालं होतं असं. लॅब उभारताना एका संगणकात सगळं भरून त्याचीच नक्कल बाकीच्यांत उतरवली होती. वेळ वाचतो, सगळेच तसं करतात. पण नकलेबरोबर त्या संगणकाचा ओळखक्रमांकही सगळीकडे उतरला. अख्खी लॅब एकच ओळख सांगत होती, आणि प्रोग्राम इमानदारीने एकच नोंदवत होता. मग मॅडमनी थेट मदरबोर्डला त्याचा क्रमांक विचारला. काही बोर्डांनी काय उत्तर द्यावं? “हे कारखान्याने भरायचे आहे.” कारखान्याने भरलं नाही, आणि नाशिकची बस मॅडमची चुकली.

त्या दिवशी संस्कृतीचा फोन आला. मी शेजारीच होतो, ऐकू आलं. “आई, तुया निरोप झाला ना? मंग काहून येऊन नाही राह्यली?”

मॅडम म्हणाल्या, “येतो बाळा. मशीन बोलून नाही राह्यली.”

शेवटी नेटवर्क कार्डाचा पत्ता धरला, तो प्रत्येक संगणकाचा वेगळा असतो, आणि रिसोडची लॅब पुन्हा भरली. उरला इंझोरीचा एक संगणक. तो सुरूच होत नाही. डेड स्टॉकच्या, म्हणजे संस्थेच्या कायम वस्तूंच्या रजिस्टरात त्याच्यापुढे ‘चालू’ लिहिलं आहे. जो जागाच होत नाही त्याला प्रोग्राम विचारणार तरी काय? मी सही थांबवली. भाऊ वैतागले, “सर, तुमी चार्ज घेऊन राह्यले का पोरीसाठी स्थळ पाहून राह्यले?”

भाऊंच्या त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही. हा माझा काटेकोरपणा होता, की भीती? अकोल्याला आई एकटी आहे. तिथल्या एका कॉलेजात जाण्यासाठी माझाही अर्ज आहे. सही केली, की तिन्ही लॅब माझ्या आणि मी त्यांचा. दुसऱ्याला अडकवून स्वतःला मोकळं ठेवण्याला आपण प्रामाणिकपणा म्हणतो का? मला अजून नक्की सांगता येत नाही.

काल इंझोरीला जाऊन तो संगणक मी उघडला. आत बोर्ड आहे, डिस्क आहे, मेमरी आहे. बोर्डावर छापलेला क्रमांक वाचून घेतला. ‘चालू’ खोडून लिहिलं : ‘बंद. स्वतः पाहिला.’ भाऊ म्हणाले, “शेरा कायले मारता?” भाऊ, शेऱ्याशिवाय माझा हात चालत नाही, आणि सहीशिवाय मॅडमची बस.

अध्यक्षांच्या परवानगीने ती सही मी इथे, सर्वांसमोर करतो.

झाली.

ताई, नारळ राहू द्या, आधी आदेश त्यांच्या हातात द्या. आणि मॅडम, किल्ल्या. अहो, सोडा आता. तिन्ही आल्या. निघा, संस्कृतीला फोन बसमधून करा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर मोठ्या मनाने माफ करा. चुका सांगायच्याच असतील तर घाई नाही. सवडीने सांगा. मी इथेच आहे.