मंगळवारच्या शिव्या

नर्सने डोळ्यांत औषध घातलं आणि आजींना अर्धा तास डोळे मिटून बसायला सांगितलं. शेजारच्या बाकावर एक बसचालक आपल्या मावशीशी बोलत होता.

“मावशी, मी आता चर्चच्या मंडळीत येणार नाही.”

“अरे, बाप्तिस्मा घेऊन आठवडा नाही झाला!”

“तेच तर. रविवारी पाण्यातून वर आलो आणि मंगळवारी कंडक्टरला शिव्या घातल्या. भर स्टँडवर.”

“किती?”

“येत होत्या तेवढ्या.”

“देवा!”

“पाळकसाहेबांना म्हटलं, माझा बाप्तिस्मा लागला नाही, पुन्हा द्या.”

“लस आहे का ती? काय म्हणाले?”

“हसले. म्हणाले, तो एकदाच असतो. म्हणजे माझा गेला वाया.”

“आधी शिव्या दिल्यावर काय करायचास?”

“काय करणार? जेवायचो आणि घोरत पडायचो.”

“आणि या मंगळवारी?”

“दोन दिवस घास उतरला नाही. त्याचा चेहराच डोळ्यांपुढून हलेना.”

“मग लागलाय की रे, बाळा! चांगला लागलाय. मला चाळीस वर्षं झाली, अजून रोज जीभ चावावी लागते. फोन लाव त्याला.”

“आत्ता? इथे?”

“लाव.”

फोनची रिंग वाजू लागली. आजींनी श्वाससुद्धा बेताने घेतला.

“हॅलो... मी बोलतोय. ड्यूटीचं नाही रे. मंगळवारचं... चुकलं माझं. सगळ्या शिव्या परत घेतो... काय? एकेक करून? नको रे, शेजारी मावशी बसलीय!”

“घे खुशाल. मी कान झाकते.”

आजींनी मात्र झाकले नाहीत.