ओठांजवळच्या दोन रेघा

मलप्पा : विरघळतं का न्हाई, एवढंच सांगा डॉक्टरबाई. अक्काच्या गालांत सुईनं तुम्ही जे भरलं, ते.

डॉ. मृण्मयी : विरघळतं. त्याचं वेगळं इंजेक्शन असतं. पण तुम्ही यांचे कोण?

मलप्पा : धाकटा भाऊ. सकाळच्या जीपनं गावाहून आलो. मग टोचा की ते आजच. शनिवारी कार्यक्रम हाय.

जगदेवी : मलप्पा, ती खुर्ची पेशंटची हाय. ऊठ, मला बसू दे. डॉक्टर, तुम्ही आठ दिवसांनी दाखवा म्हणला होता मनून आले. डावीकडं काळंनिळं झालं होतं, ते गेलं.

डॉ. मृण्मयी : इकडे बघा. आता हसा. गाठ कुठे लागत नाही, छान बसलंय.

मलप्पा : काय छान बसलंय? नाकापासून ओठापर्यंत दोन रेघा होत्या तिला, ह्या एवढ्या खोल. आख्खा तालुका वळखतो त्या रेघांवरून.

डॉ. मृण्मयी : तालुका कसा काय?

जगदेवी : भूकंपातला फोटो हाय माझा. एकोणीस वर्षांची होते. नवरा आन् सात महिन्यांची लेक, दोघंबी ढिगाऱ्यात गेले. चौथ्या दिवशी कुणीतरी मला रडताना टिपलं, ते पेपरात आलं. तवापासून दर तीस सप्टेंबरला मला स्टेजवर बसवतात आन् शेजारी तो फोटो लावतात.

डॉ. मृण्मयी : हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं.

जगदेवी : तुम्ही विचारलं, कशाला करायचं? मी म्हणलं, मला पायजे. तेवढं पुरेसं होतं ना?

डॉ. मृण्मयी : होतं.

मलप्पा : डॉक्टरबाई, यंदा तीस वर्षं झाली. मोठे साहेब येऊन राहिलेत. आमच्या गावात बेचाळीस घरांना अजून कबाला न्हाई. घरात आम्ही राहतो, पण कागदावर आमचं नाव न्हाई. बाप वारला तो असाच वारला. साहेबांनी अक्काचं तोंड बघितलं की त्यांच्या डोळ्यात पाणी येतं. त्याच वक्ताला अर्ज पुढं करायचा, असं ठरलंय आमचं.

जगदेवी : किती साहेबांच्या डोळ्यात पाणी आलं आजपर्यंत?

मलप्पा : आलं की. लई जणांच्या.

जगदेवी : सही कुणी केली?

मलप्पा : ते जाऊ दे. तुला गरज काय होती ह्या वयात? बाया काय म्हणतील? नवरा-लेकरू गेलेली बाई तोंड सजवून आली.

जगदेवी : सांगू गरज? जूनमधी निकाल लागला. माझ्या होस्टेलच्या सहा पोरींचा मेडिकलला नंबर लागला. वॉर्डन हाय मी, पण वर्षभर त्यांची उशापायथ्याची माय मीच. पेढे आणले, गाणी लावली. त्यातल्या उर्वीनं मोबाईलवर फोटो काढला. बघितला तर सगळ्या पोरी हसून राहिल्या आन् मधी एक बाई रडून राहिली. मी हसत होते, मलप्पा. पोट दुखेपर्यंत हसत होते.

मलप्पा : फोटोच तसा निघाला असंल.

जगदेवी : पाच काढले. पाचांतबी तसंच.

मलप्पा : लेकीची आठवण न्हाई का मग तुला?

जगदेवी : लेकीला मी तोंडावर ठेवलं न्हाई. कुठं ठेवलं ते माझं मला ठाऊक. तू परत हे विचारायचं न्हाई.

मलप्पा : डॉक्टरबाई, तुम्ही तरी समजावून सांगा.

डॉ. मृण्मयी : हे हायल्युरॉनिक ॲसिड आहे. आपल्या कातडीत असतंच, वयानं कमी होतं. शरीर ते वर्ष-सव्वा वर्षात आपोआप जिरवतं. त्याआधी काढायचं असेल तर यांनी सांगायला हवं. तुमच्या सांगण्यावरून मी सुई लावणार नाही. जगदेवीताई, काढायचंय?

जगदेवी : न्हाई.

मलप्पा : मग शनिवारी येऊ नको. मी सांगतो, अक्काला बरं न्हाई.

जगदेवी : येणार. तू बेचाळीस घरांची यादी कर. घर नंबर, नाव. जे वारले त्यांच्या वारसाचं नाव. आवंदा मी रडायला न्हाई, वाचायला येणार.

(तीस सप्टेंबर, दुपार. कार्यक्रम उरकून गावाहून लातूरला निघालेली जीप. मलप्पा अक्काला सोडायला निघालाय.)

मलप्पा : फोटोवाला मलाच विचारून राहिला, ती बाई कुठंय मनून. तू त्याच्या समोरच बसलेली.

जगदेवी : मला बी विचारलं. मी म्हणलं, मीच. त्यानं कॅमेरा खालीच केला.

मलप्पा : कमिटीचे आप्पासाहेब लई बेजार झाले. म्हणले, हिला खाली बसवा, हिच्या जागी सिंधुकाकूला बसवू, तिचीबी माणसं गेलीत.

जगदेवी : मग? मला तर वरच बसवलं.

मलप्पा : मी न्हाई म्हणलो. बसंल तर अक्काच बसंल, न्हाई तर खुर्ची रिकामी राहू द्या.

जगदेवी : तू म्हणलास?

मलप्पा : हाव. अर्ज माझ्या हातात होता ना. तू वाचायला लागलीस तवा साहेब मोबाईल बघत होते. अकराव्या नावाला त्यांनी वर बघितलं.

जगदेवी : बाविसाव्याला म्हणले, यादी ठेवून जा, बघतो.

मलप्पा : तू म्हणलीस, अजून वीस हायेत, बसा. आन् बसले की ते.

जगदेवी : सोळा तारखेला तहसीलची माणसं गावात येणार म्हणले. लिहून घेतलंस?

मलप्पा : घेतलं. त्यांच्याच माणसाच्या हातानं, तारीख घालून. पण न्हाई आले तर?

जगदेवी : तर सतराला मी तहसीलीत. यादी पहिल्यापासून वाचीन.

मलप्पा : बाया बोलत होत्या मागं. तुझ्या तोंडावरून.

जगदेवी : ऐकलं मी.

मलप्पा : वर्षानं ते जिरंल. मग काय करशील?

जगदेवी : भरीन, न्हाई तर न्हाई भरणार. तवाचं तवा मी ठरवीन. सरक जरा, खिडकीची बाजू मला दे.

मलप्पा : कामून?

जगदेवी : झोप येऊन राहिली.

मलप्पा : आज? अक्का, तीस वर्षांत ह्या दिवशी तुझा डोळा लागलेला मी बघितला न्हाई.

जगदेवी : औसा आलं की उठव.