ताता घरी नेताना

— वरून नाही, वरून नाही हात घालायचा, लल्ला, बाईसाहेब! वरून सावली पडली की त्याला वाटतं ससाणाच उतरला आभाळातून. हा असा, खालून, छातीसमोर बोट धरायचं आणि थांबायचं. नुसतं थांबायचं. येतो बघा... येतो... उचललं पाऊल... ठेवलं परत. असंच करतो तो! पाऊल हवेत धरून विचार करत बसतो, भाव सांगायच्या आधी आमचे बा बसतात ना, तस्सा. हसलात! नाही, तोंडावर पदर घेऊ नका, हसलात तुम्ही, मी पाहिलं. बसा ना. तो मोढा ओढून घ्या — तो नको, दुसरा घ्या, याचा पाय डुगडुगतो. पुदिन्याचा चहा घेणार? घेणारच, मी ओतलाय.

काय सांगू तुम्हाला — तुम्ही आलात आणि म्हणालात, 'एक ताता द्या, जिवंत, चांगला टवटवीत' — आणि मला इथं दुकानात, या धुपाच्या पोत्यांमध्ये, गिरकी घ्यावीशी वाटली. टवटवीत! अहो, या सबंध रहबा चौकात कुणी टवटवीत मागत नाही. टोण्यासाठी वाळलेला मागतात. कातडं मागतात. एकीनं नुसती शेपटी मागितली, कशाला ते मी विचारलं नाही. आणि मी बेल्जियमहून प्राणिशास्त्र शिकून आलेली, इथं बसून हिना आणि गुलाबकळ्या तोलते, आणि येणारा-जाणारा म्हणतो, 'घिजलान, एवढं शिकलीस ते सरडे राखायला?' मी म्हणते, हो! सरडे राखायलाच! आणि सरडा नव्हे हो हा, घोयरा आहे घोयरा, रंग बदलणारा, आपला ताता. कुंपणावर पळतो तो सरडा. हा कधी पळत नाही. याला कुठं जायची घाईच नाही.

आणि तुम्ही आलात तेही आजच! आज का म्हणता? बांनी अट घातलीय ना. मी आल्यापासून त्यांच्या मागे लागलेय — डोंगरातल्या पोरांकडून नवे ताते घेऊ नका, पुरे झालं, जळून जळून संपतील एक दिवस. तर बा म्हणाले, 'हे बघ, पोरी, पिंजऱ्यात हा शेवटचा आहे. हा जर पाळणाऱ्याच्या घरी गेला, तर पुन्हा एकही आणणार नाही, माझी जबान. नाही गेला, तर तू हिना तोल आणि माझा धंदा मला करू दे.' आता दुपारच्या नमाजला गेलेत, आणि परत आले की त्या कोपऱ्यावरच्या माणसाला निरोप देणार आहेत — पोरं पाठव किंवा नको पाठवूस. आणि तेवढ्यात तुम्ही! टवटवीत हवा म्हणून! मी तुमचे हात धरून नाचले असते, पण हातात चहा आहे तुमच्या.

तर ऐका. पहिलाच ना तुमचा? पहिलाच असतो सगळ्यांचा. काचेच्या पेटीत ठेवायचा नाही, गुदमरतो, आणि काचेत स्वतःला बघून चिडतो — दुसरा कोणी नवरदेव आला असं वाटतं त्याला. जाळीचा पिंजरा. आत फांद्या, बोटाएवढ्या जाड, आडव्यातिडव्या. अंगणात लिंबाचं झाड आहे? आहे! मग तर सोनंच, जाळी तिथंच टांगा, सकाळचं ऊन लागेल आणि नको झालं की पानाआड जाईल. त्याचं त्याला कळतं. फक्त झाडावर औषध मारलेलं नसावं. आणि वाटीत पाणी ठेवायचं नाही! सगळे वाटी ठेवतात, आणि तो बिचारा वाटीकडे बघत तहानेनं सुकतो. त्याला साचलेलं पाणी दिसतच नाही म्हणा ना. पानांवर शिंपडायचं, थेंब लोंबले पाहिजेत, मग तो थेंब चाटतो — इतका हळू चाटतो, लल्ला, की बघणाऱ्यालाच तहान लागते.

काय? आवाज? छे छे, आवाज कसला करतोय तो! अगदीच राग आला तर फिस्स करेल, तेवढंच. शेजाऱ्यांना ऐकू जाईल का म्हणता? काहीच ऐकू जायचं नाही. बरं विचारलंत पण. गल्लीत राहायचं म्हणजे शेजाऱ्यांचा विचार आलाच.

खायला माश्या, टोळ, रातकिडे. जिवंतच लागतात, मेलेल्याकडे बघणार नाही, माझ्या मामासारखा ताज्याचा शौकीन. माश्या आहेत घरात? मग झालं, माश्या तुमच्या, पोट त्याचं. अधूनमधून टोळाला अंड्याच्या टरफलाची पूड चोळून द्यायची, हाडं धरतात. किती वेळ लागतो? रुळायला? लागतात काही आठवडे. सुरुवातीला हात लावायचाच नाही, नुसतं जवळ बसून आपलं काम करायचं. वाटाणे सोलावेत, फोनवर बोलावं. तो बघत असतो. एका डोळ्यानं तुम्हाला, दुसऱ्यानं माशीला. — आजच? हो हो, आजच न्या की! संध्याकाळच्या आत? न्या ना, बा यायच्या आत नेलात तर उत्तमच.

फुगतो का? फुगतो! घाबरला की असा फुगतो, पानासारखा चपटा मोठ्ठा होतो. तुम्हाला फुगणारा हवाय? गंमतच आहे. — नाही, कोळसे कशाला? अहो, इथल्या थंडीला तो पुरून उरतो. शेगडीजवळ तर ठेवूच नका, धूर लागतो त्याला, डोळे मिटून बसतो. शेगडी लांब. एकदम लांब, अंगणाच्या त्या टोकाला. — लांब ठेवून कसं चालेल म्हणता? न चालायला काय झालं, तुम्ही काय त्याला शेगडीवर —

...

अच्छा.

त्यासाठी.

म्हणजे आवाज, तो आवाज. फुटल्याचा. आणि मी बसलेय अंड्याची टरफलं सांगत! हाय रे माझ्या शिक्षणा! नाही, उठू नका. बसा. मी रागावले नाही, हे हसू आहे, मला असंच येतं, वेळेवर थांबत नाही. चहा प्या. कुणी सांगितलं तुम्हाला? शेजारणीनं. शेजारणीच सांगतात. विस्तवात टाकायचा, फाट्‌कन फुटला तर नवरा इमानी, नुसता वितळत गेला तर नवऱ्याचं दुसरीकडे आहे. आणि तुमचा कुठे असतो? दाखलाला, तिकडे दूर दक्षिणेच्या बंदरात. मासळीच्या ट्रकवर. ईदलाही आला नाही? फोन... लागतो पण उचलत नाही. हं. उचलत नाही हे लागत नाही याच्यापेक्षा वाईट. मला... मला वाटतं तसं.

बरं, समजा फुटला. मग? तुम्ही राखेकडे बघून म्हणणार, माझा ब्राहिम इमानी — ब्राहिमच म्हणालात ना? — आणि फोन काय लगेच वाजणार आहे? आणि समजा वितळला. मग तर काय, तुमचा विश्वासच बसणार नाही. म्हणाल, कोळसे ओले होते. म्हणाल, ताताच म्हातारा होता. दुसरा घ्यावासा वाटतो मग, सांगते ना! दुसऱ्याच्या तोंडून तरी मनासारखं उत्तर येईल. — गिऱ्हाइकं सांगतात. दुकानात बसून सगळं कळतं. आणि तो काही मुकाट्यानं जात नाही, लल्ला. शेगडीजवळ नेलं की शेपूट मनगटाला गुंडाळतो. घट्ट. झटकलं तरी सुटत नाही, आणि त्या छोट्या छोट्या पंजांनी बोट असं धरतो, बाळ धरतं ना तसं, आणि एक डोळा विस्तवावर आणि एक डोळा तुमच्या तोंडावर. विस्तवावरचा फिरत असतो. तोंडावरचा हलत नाही. — पुस्तकात. बेल्जियमच्या पुस्तकात. असतं त्यात सगळं!

लोक म्हणतात, रंग बदलतो, दगाबाज जात. उलट आहे हो, साफ उलट! त्याला काही म्हणून लपवता येत नाही. राग आला, काळा. थंडी वाजली, काळवंडला. झोपला की निर्धास्त फिकट, चांदण्यासारखा. पोटात एक आणि अंगावर एक असं त्याच्यात नाहीच. असा एक जीव दाखवा मला तुमच्या दाखलात! आणि आपण त्यालाच विस्तवात घालून दुसऱ्याचं मन विचारायचं? सगळ्या रहबात मी हे ओरडून सांगितलंय, ही समोर टोपल्या विणणारी खाला जहरा म्हणते, 'घिजलानला बेल्जियमची हवा लागली.' लागू दे!

आणा हात इकडे. आणा तर. जाळायचा तर जाळा, पण आधी हातावर घ्या. बाही थोडी खाली... असं. हलू नका. काळा पडलाय बघा, तुम्हाला घाबरलाय. तुम्हीही त्याला घाबरलाय, फिट्टंफाट. पंजा टेकला... गुदगुल्या होतात ना? होतातच! चाललाय वर. चढू दे. — अगदी हलू नका, तुमच्या चहावर माशी बसलीय, आणि त्याचे दोन्ही डोळे एकाच जागी आलेत, हे असं झालं की समजायचं — झाप्‌! पाहिलंत? जीभ पाहिलीत? अंगापेक्षा लांब! केवढ्यानं किंचाळलात! खाला जहरा, काही नाही, काही नाही, माशी होती! हसा, हसा, सांडू दे चहा, मला पण सांडायचाच होता. आणि आता रंग बघा त्याचा. हिरवा. लिंबाच्या पानासारखा. हे तुमच्यामुळे झालं, लल्ला, माझ्या बोटावर तो अजून असा होत नाही.

रडू नका. बरं, रडा. दोन्ही एकदम चालतं, मी नेहमी करते.

नाव ठेवा त्याला. बिननावाचा मी देत नाही, हा माझा नियम आहे, आत्ताच केला. कुठलंही. काय? ... ब्राहिम? अगं, नवऱ्याचं? हाय अल्ला, तू तर माझ्यापेक्षा वेडी निघालीस! झकास! सकाळी उठून विचारायचं, 'काय रे ब्राहिम, एक डोळा माझ्याकडे आणि दुसरा कुठं?' आणि काळा पडला तर लगेच दिसेल! शपथ नको घेऊस. शपथा काय, घेतात लोक. तू फक्त उद्या सकाळी पानांवर पाणी शिंपड. परवाचं परवा. आणि ब्राहिम आला, तो दोन पायांचा, तर त्याला लिंबाखाली बसव आणि तोंडानं विचार. नाही आला, तरी हे अंगण रिकामं नाही.

बा! बा, या, या, लवकर या, दिला का निरोप? नाही अजून? मग थांबा! बा, ही लल्ला आलीय. सांग ना त्यांना. तूच सांग, माझ्यावर त्यांचा भरवसा नाही. कशाला नेतेयस? मोठ्यानं. ... ऐकलंत, बा? पाळायला म्हणाली! जाळायचं नाव नाही, खाला जहरा साक्षीला आहे! आता जबान म्हणजे जबान, जा, त्या कोपऱ्यावरच्याला सांगून या, डोंगरातून कुणी येऊ नका म्हणावं! हसतायत बघ, मिशीत हसतायत. घे, हा पिंजरा धर, दोन्ही हातांनी, फांदी हलू देऊ नकोस —

काय म्हणालीस? हळू बोल. बा आहेत.

...

माझा? मी टाकला तो फुटला की वितळला...

...

बा, ते पातळ फडकं द्या हो पिंजऱ्यावर टाकायला. नाही, ते नाही, त्याच्या खालचं. — तू नीघ आता. उन्हातून जाऊ नकोस, भिंतीच्या सावलीनं जा.

जा, म्हटलं ना.