तिसऱ्याचं होईपर्यंत

दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकू नये म्हणतात. म्हणोत. अमरावती-अकोला एसटीत माझ्या मागच्या सीटवर बाप-लेक बसले होते, अन् मी कान देऊन ऐकलं.

"रूपाली, तोंड पाडून काहून बसली?"

"अकोल्याच्या दवाखान्याचे सर्व्हर सुस्त झाले, बाबा. एक रिपोर्ट सेव्ह कराले पाच मिनिटं. आज नाई सुधरलं, तर काम माह्या हातून जाते."

"अन् वाचाले?"

"वाचाले फटाफट. जुना रिपोर्ट तीनपैकी कोनतंबी मशीन देते. नवा लिहिला, का तिघांतबी उतरा लागते."

"दोघांत उतरला तर?"

"तिसऱ्याचं होयेपर्यंत थांबा लागते."

"मंग पंगतच झाली का! मले दात नाईत. माहं जेवन होयेपर्यंत कोनी उठत नाई, सारे हात वाळवत बसतात."

"बाबा! अन् मी तीन दिवस केबलच तपासून राहिली!"

तिनं दवाखान्यातल्या सोबत्याला फोन लावला.

"शिवम, तिन्ही मशीनच्या डिस्कचा वेग अलग अलग पाहून सांग... तिसरीच न? जुनी डिस्क हाय ते. बाजूले काढ तिले."

मूर्तिजापूर आलं, अन् तिचा फोन वाजला.

"सेव्ह झाला? लगेच? बाबा, सुधरलं!"

"आता मलेबी पंगतीतून काढसान."

"तुमी डिस्क हाय का?"

अकोला आलं. दाराशी लोक लोटले.

"ओ काका, उतरा ना लवकर!"

"कोन बोंबलून राहिलं थे? माहे बाबा उतरून राहिले. त्याईचं होयेपर्यंत सारे थांबा!"